पट्टा पुरा होईपर्यंत

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात किस्से फार साचतात. कारण सोपं आहे. जुनी सिस्टीम पुसून नवी टाकायला, म्हणजे आमच्या भाषेत फॉरमॅट मारायला घेतलं, की पुढचं काम मशीनचं. आपण नुसतं बसायचं. स्क्रीनवरचा पट्टा हळूहळू भरताना बघायचा आणि समोर जो येईल त्याचं ऐकायचं!

तळोद्यात माझं आणि हेमंतचं दुकान आहे. गाळा हेमंतच्या वडिलांचा, नानांचा. नाना तापीकाठचे जुने शेतकरी. आमच्याकडे सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. नानांनी गाळाही आम्हाला तसाच दिला. "आखाजी ते आखाजी. काम दिसनं तं ठीक. नही तं गाळा बियानावालाले!"

शहाद्याचा एक बियाणेवाला गाळ्यावर डोळा ठेवून होताच. आम्हा दोघांना दुसरं काहीच येत नाही, त्यामुळे ते वर्ष धाकधुकीतच गेलं.

*

काम दिसतंय का, हे बघायला नाना रोज यायचे. पहिल्याच दिवशी आले तेव्हा आम्ही दोघं खुर्च्या टाकून स्क्रीनकडे बघत बसलेलो.

"काय करी ऱ्हायनात रे?"

"फॉरमॅट मारतोय, नाना."

नानांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हेमंतकडे. "मारी ऱ्हायनात? एकना बी हात हाली नही ऱ्हायना!"

तेवढ्यात ते मशीन हँग झालं. मग आमचा हात हलला, बटण दाबायला. नाना समाधानाने घरी गेले.

*

एकदा मिरचीचे व्यापारी असलेले एक शेठ कॉम्प्युटर घेऊन आले. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथेच. सिस्टीम टाकायला घेतली की निम्म्यावर मशीन गरम व्हायचं आणि गोठायचं. माऊस हलेना, कीबोर्ड दाद देईना. हेमंतने रॅम बदलून पाहिली, हार्ड डिस्क बदलून पाहिली. शेवटी कॅबिनेट उघडलं, तर आतला पंखा लालभडक! वर्षभराची मिरचीची भुकटी आत बसलेली.

हेमंत पहिल्यांदा शिंकला, मग मी. नाना कोपऱ्यात बसले होते, तेही सुरू झाले. "वारा लाव रे, वारा!" असं म्हणत त्यांनी स्वतःच उठून छतावरचा पंखा फुल केला.

पुढचं काय सांगू! गाळा रिकामा झाला, शेजारचं चहाचं दुकान रिकामं झालं. रस्त्यावर अर्धं तळोदं डोळे चोळत उभं.

शेठ मात्र खूश. लाल डोळ्यांनी म्हणाले, "बघितलं ना? माल किती कडक आहे आपला!"

*

विसरवाडीचा एक वजनकाट्यावाला तर आमच्यावर चिडूनच आला. "तुमच्याकडे चालतं, माझ्याकडे नेलं की निम्म्यात अडकतं. तुम्ही नीट करतच नाही!"

म्हटलं, चला, जाऊन बघू. गेलो. हायवेवर ट्रकची रांग, सगळीकडे धुरळा. टेबलावर स्क्रीन दिसेना, मशीन दिसेना, फक्त एक गोधडी.

"ही कशाला?"

"धूय लागस ना भो, म्हनीसन झाकेल शे."

मशीनला श्वास घ्यायला जागा लागते, हे त्याला नीट समजावलं. माणूस ऐकणारा निघाला. पुढच्या खेपेला फोटो पाठवला. गोधडी तशीच होती, फक्त तिला मधोमध एक भोक पाडलं होतं!

*

आणि मग नानांनी केलेला प्रताप. खापर गावच्या फोटो स्टुडिओवाल्याचं मशीन लावून आम्ही जेवायला गेलो. पट्टा जवळजवळ भरत आला होता. परत आलो तर दुकानात अंधार, आणि नाना खुर्चीत शांत.

"नाना, लाईट गेली?"

"नही. आठे कोनीच नही आनि मशीन फिरी ऱ्हायनं. जळी गयं असतं! मी मेन स्विच बंद करी दिधं."

विहिरीत पाणी नसताना मोटर फिरली की जळते, हे त्यांना ठाऊक. चूक तरी कशी म्हणायची? हेमंतने डोक्याला हात लावला आणि मग त्यांना शांतपणे सांगितलं, "नाना, एक लक्षात ठेवा. हा पट्टा पुरा भरेपर्यंत काही बंद करायचं नाही, कोणाला हात लावू द्यायचा नाही."

नानांनी ते असं लक्षात ठेवलं की विचारू नका. त्या दिवसापासून ते पट्ट्यासमोर राखणीला. गिऱ्हाईक टेबलाला नुसतं टेकलं तरी नाना ओरडायचे, "ओ, दूर! पट्टा भरी ऱ्हायना!"

*

आखाजीच्या आदल्या दिवशी तेच खापरचं मशीन परत आलं. पट्टा त्रेसष्ट टक्क्यांवर आला आणि थांबला. हे पहिल्यांदा नानांनीच पकडलं. "अटकी गयं रे. कवयनं आठेच शे."

"हो नाना, हँग झालंय," हेमंत म्हणाला. "आता हे काही पुढे जाणार नाही. बंद करून परत पहिल्यापासून टाकावं लागेल." मशीन तसंच चालू ठेवून दुसरी रॅम आणायला आम्ही दोघं बाहेर पडलो. वर्ष संपलं होतं.

परत आलो तर दाराशीच थबकलो. आत बियाणेवाला उभा, हातात मोजायचा टेप. "नाना, उद्या आखाजी. गाळा मोजी लेऊ का?"

नानांनी हात वर केला. "थांबा. काम चालू शे."

"कितला टाइम लागी?"

नानांनी स्क्रीनकडे बघितलं. त्रेसष्ट टक्के.

"हाऊ पट्टा पुरा भरना, का गाळा तुमना."

बियाणेवाल्याने टेप खिशात टाकला, स्टूल ओढलं आणि पट्ट्याकडे बघत बसला.

"पन हात नका लावू बरं," नाना म्हणाले, आणि आम्हाला बघून त्यांनी आमच्या तिघांचे चहा सांगितले.