मांडवात होडी वळवताना

लग्न ठरल्याबरोबर माझ्या धाकट्या बहिणीने जाहीर केलं, "मी मांडवात होडीतून येणार."

आमच्या पनवेलच्या बाजूला हल्ली नवऱ्या कशातून येतील याचा नेम नाही. कुणी बुलेटवरून येते, एक तर जेसीबीच्या बकेटमध्ये बसून आली होती. तरीही बाबा म्हणाले, "लगीन पनवेलात हाय, खाडीत नाय."

"मग होडीला चाकं लावा," ती म्हणाली.

बाबांनी हसण्यावारी नेलं, मामाने नाही. मामा उरणचा. त्याच्या घरामागे एक लहानशी होडी कित्येक वर्षं उपडी पडून होती. त्याने फोनवर भाचीला एवढंच विचारलं, "रंग कंचा देव?"

कळंबोलीहून लोखंडी चॅनल आणून मामाने चार चाकांचा गाडा बनवून घेतला, त्यावर होडी बसवली आणि टेम्पोतून आमच्या अंगणात आणून उतरवली. मागची चाकं पक्की. पुढची दोन मधल्या खिळीवर फिरणारी, ओढायला लांब दांडा. रंग गुलाबी. बाबांनी त्या होडीभोवती एक चक्कर मारली आणि मग स्वतःच तिला झेंडूच्या माळा कुठे बांधायच्या ते सांगू लागले.

मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवते, म्हणून लग्नाचं लॉन मोजायचं काम माझ्याकडे आलं. फाटक होडीहून जेमतेम रुंद. आत शिरलं की तेरा फुटांवर समोर भटारखान्याची भिंत, आणि स्टेज डावीकडे. म्हणजे मागची चाकं फाटकातून आत आली की लगेच वळायचं आणि भिंतीला न लागता काटकोनात फिरायचं.

गणित सोपं होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये सहा फूट अंतर. पुढची चाकं तीस अंशांपर्यंत वळत. त्यापुढे ती होडीच्या पोटाला घासत. सहाला तीसच्या साइनने, म्हणजे अर्ध्याने, भागलं की बारा. पुढची चाकं बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरणार आणि भिंत तेरा फुटांवर. मी मामाला म्हटलं, "बसतंय!"

"मंग फिरवून बघू," मामा म्हणाला.

अंगणात खडूने फाटक काढलं, भिंतीची रेघ मारली. बहिणीला होडीत पुढे बसवलं आणि चुलतभावांनी दांडा धरला. मी रेघेशी वाकून चाकाकडे बघत होते. चाक रेघेच्या अलीकडून अगदी देखणं वळलं. मी टाळी वाजवणार तेवढ्यात वरून बहीण ओरडली, "ताई, मी तर भटारखान्यात पोचले!"

वर पाहिलं तर होडीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, रेघेच्या पलीकडे हवेत. मी चाकांचं गणित केलं होतं आणि चाकांच्या पुढे तीन फूट होडी होती, ती राहूनच गेली होती. अंगणातच पायथागोरस मांडला. टोकाची त्रिज्या निघाली पावणेचौदा फूट. सगळे इतके हसले की शेजारच्या काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

बाबा म्हणाले, "नाळ कापून टाका."

"नाळ कापून? ती होडी हाय का खाट?" मामा उसळला.

मग आम्ही दोघं गाड्याखाली शिरलो, मी टॉर्च घेऊन आणि तो पट्टी घेऊन. चाकं जास्त वळली तर वळण लहान होणार, पण होडीचं पोट आड येत होतं. "होडी थोडी वर उचलली तर?" मी विचारलं. मामाने पोटाखाली हात घालून अंदाज घेतला. "चार इंच उचलू. चाक पुरं आत जाईल."

आणखी चॅनल आलं, होडी वर बसली, चाकं पंचेचाळीस अंशांपर्यंत वळू लागली. मी पुन्हा हिशेब केला, या वेळी नाळेपासून सुरुवात करून. अकरा फुटांच्या आत! पुन्हा खडू, पुन्हा रेघ, पुन्हा बहीण होडीत. नाळ रेघेपासून दोन फूट अलीकडून फिरली आणि मामाने मला पाठीत असा धपाटा मारला की अजून आठवतो.

लग्नाच्या संध्याकाळी फाटकात बँजो वाजत होता. बहीण नऊवारी नेसून, मुंडावळ्या बांधून उभी, हातात वल्हं. होडी आत शिरली. भटारखान्याच्या दारात दोन आचारी झारे घेऊन उभे होते. नाळ आपल्याकडे येतेय असं बघून दोघं आत पळाले. मामा दांड्यापाशी ओरडला, "वळवा!" आणि ती गुलाबी होडी भिंतीपासून ऐसपैस अंतर ठेवून, झेंडूच्या माळा हलवत, सरळ स्टेजच्या दिशेला लागली. बायकांनी एकच कल्ला केला. मी मात्र शेवटचं मागचं चाक फाटकाच्या खांबापासून सुटेपर्यंत तिथेच डोळे लावून होते. मग मीही नाचले.

अक्षता पडल्या, आणि होडी रिकामी झाली म्हणून आत्या चढल्या, मग माम्या. सगळ्यांना तेच वळण हवं होतं. आई मात्र लांब उभी होती. "मला नको बाय, साडी चुरगळेल," ती म्हणत राहिली. शेवटी नव्या जावयाने शेरवानीच्या बाह्या वर सारून दांडा हातात घेतला आणि म्हणाला, "आई, बसा. मी ओढतो."

आई बसली. जावई ओढतोय, बहीण मागून ढकलतेय, आई दोन्ही काठ घट्ट धरून हसतेय, असं ते तिघं लॉनला वळसा घालून आले. उतरायची वेळ झाली तेव्हा आई म्हणाली, "अजून एक फेरी."

जेवणं उशिरा झाली.