नरक्याची साल

बायच्या बाराव्याला जो तो म्हणत होता, बहिणीसाठी किती केलंस रे. पाठीवर पडणारा प्रत्येक हात झटकून टाकावासा वाटत होता. मी काय केलं ते आता लिहितो.

बाय माझी थोरली बहीण, पाळी गावात दिलेली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून औषध सुरू झालं आणि उरलेल्या गाठी आक्रसायला लागल्या. मी पेडण्यात उच्च माध्यमिकला वनस्पतिशास्त्र शिकवतो. औषधाचं नाव वाचलं आणि अंगातला मास्तर जागा झाला. ते ज्या द्रव्यापासून बनतं, ते आमच्या घाटाकडच्या रानातल्या नरक्या नावाच्या झाडात असतं. दर वर्षी फळ्यावर लिहून देतो. झाडातलं द्रव्य तसंच पोटात गेलं तर विषारी, म्हणून त्याची घडण बदलून औषध करावं लागलं, हेही त्याच धड्यात आहे. तेही मीच शिकवतो. तरी मी रानात गेलो, साल काढली, वाळवली, काढा केला. म्हणे झाडपाला, त्यानं काय होतंय. पदवीधर गाढव.

"कडू लागतो गो?" मी विचारलं.

"तुझ्या भावोजींच्या बोलण्याइतका नाय," असं म्हणून तिनं पेला रिकामा केला.

आठवड्यात जुलाब लागले, ते थांबेनात. लघवीतून रक्त गेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरचं काही देता? काढा, चूर्ण? मी रागावणार नाही, सांगा." बाय माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "नाही."

औषधच सोसत नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी ते बंद केलं. दुसरं लागू पडलं नाही. पहिल्यानं ती वाचली असती का, कोण सांगणार? पण गुण देणारं औषध मी तिच्याकडून हिरावून घेतलं. काढा त्याच दिवशी मोरीत ओतला, तोंड मात्र उघडलं नाही. पुढे भावोजी हॉस्पिटलच्या नावानं बोटं मोडायचे, तेव्हा मी मान डोलवायचो. याची चीड मला काढ्याहून जास्त येते.

गेल्या रविवारी भावोजींनी पाळीला बोलावून घेतलं.

"शेजारच्या वहिनींना तेच निघालंय," ते म्हणाले. "तुझी ती साल हवी. सलाइनच्या बाटलीनं बायची वाट लावली, तुझ्या काढ्यानं चार दिवस जास्त काढले तिनं."

"साल मिळणार नाही, भावोजी."

"का? आमच्याच घरापुरती होती?"

मग मी सांगितलं. काढा, जुलाब, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न, माझं उत्तर. ते ऐकत राहिले.

"विचारलं तेव्हा मी कुठं होतो?"

"खाली, औषधं आणायला."

"आणि ती?"

"माझ्याकडे बघत होती."

"म्हणजे तुझी अब्रू राखली तिनं." मला वाटलं, हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी खुंटीवरचा शर्ट घेतला.

"ऊठ. हे सगळं आता वहिनींसमोर बोल. त्यांना मी साल कबूल करून बसलोय."

मी चपला घातल्या.