न मोजलेला दिवस

मंडळी, तुमची आठवण किती पक्की आहे ते मी ओळखून आहे. "या कॉम्प्युटरच्या भाषेनं कोणाले नोकरी लागते, सर?" म्हणून ज्यांनी हमीद सरांना हसण्यावारी नेलं, तेच आज त्यांच्या साठीला हार घेऊन पुढच्या रांगेत बसतील. मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागतं.

सरांची पहिली ओळख धामणगाव बढ्याला, आमच्या बांधावर झाली. बीटी पराटीला, म्हणजे कपाशीला, बोंडअळी लागत नाही असं ऐकलं होतं, पण ती लागू लागली होती. सरांनी कॉम्प्युटरच्या त्या अनोळखी भाषेत एक प्रोग्राम बसवला. आम्ही बायांनी रोज सकाळी शेतातल्या सापळ्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजून आकडा फोनवर सांगायचा. लागोपाठ तीन दिवस जास्त निघाले, की फवारणीचा निरोप यायचा. मी चिंचोके टाकून मोजायची. भाषा कामाला आली तरच माणूस ती शिकतो, हा सरांचा आग्रह.

एका वर्षी निरोप आला, "फवारणीची गरज नाही." मी बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी. त्याच सकाळी खामगावहून आलेले काही मास्तर गावच्या शाळेत सरांची भाषा पाहायला बसले होते. मी पदरात बोंडं घेऊन तिथंच गेले.

"हे पाहा सर. तुमची मशीन म्हणते, अळी नाही."

सरांनी पडद्यावर पाहिलं. "मावशी, परवा शून्य पतंग होते ना?"

"परवा गावात मयत होती. शेतात गेलं कोण? मोजलं नाही अन् सापडलं नाही, हे एकच हाय काय?"

मागून एक मास्तर पुटपुटले, "घ्या, बुडाली भाषा."

सरांना पाहुण्यांसमोर सावरून घेता आलं असतं. त्यांनी बोंड हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. "चूक माझी. या भाषेत 'माहीत नाही' म्हणायची सोय आहे, मी तिथं शून्य धरलं, अन् तीन दिवसांची साखळी तुटली." पाहुण्यांना तसंच बसवून त्यांनी आधी एकेका बाईला फोन लावला. दुपारपर्यंत शिवारभर पाठीवर पंप चढले. काही बोंडं गेली, पराटी वाचली.

आता सर शिकवायला संग्रामपूरला जावोत की आणखी कुठं, पहिलं उदाहरण स्वतःच्या त्या चुकीचं देतात, आणि ती कोणी दाखवली तेही सांगतात. दुसरा असता तर दोन्ही गिळलं असतं.

सरांना भरपूर आयुष्य मिळो, आणि गुडघे ठणठणीत राहोत. बांधावर अजून पुष्कळ यायचं आहे. सत्काराला पेढे नकोत, त्यांना शुगर आहे. घरटी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर आणि ठेचा पाठवा. जमत नसेल तर तसं सांगा. गप्प राहिलात तर मी 'नाही' धरणार नाही, भाकर न्यायला दारात येईन.