शुक्राचा ठिपका आणि मस्कतची दुर्बीण

महाडात आमचं एक खगोल मंडळ होतं. नाव भारदस्त, माणसं मोजकी. संध्याकाळी चवदार तळ्याजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर जमायचं, आकाशात जे दिसेल ते बघायचं आणि ढग असले तर नुसती चर्चा करायची. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने ढगच असतात, त्यामुळे चर्चा भरपूर झाली. मी तेव्हा बँकेत नोकरीला होते. मंडळात मी एकटीच बाई, म्हणून चहाचं खातं पहिल्याच बैठकीत माझ्याकडे आलं. दुसऱ्या बैठकीत मी ते परत केलं. तेव्हापासून मंडळात चहा बंद झाला.

मंडळाचे प्रमुख म्हणजे सर. आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आवाज अजून वर्गातलाच. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी दुर्बीण बनवायला घेतली होती. तिचा आरसा घरीच तयार करायचा म्हणून ते पडवीत बसून एक जाड गोल काच दुसऱ्या काचेवर तासन्‌तास घासत असत. कोणी घरी गेलं की सरांच्या मिसेस शांतपणे सांगायच्या, "आहेत ना, काच घासतायत. जन्मात एक भांडं घासलं नाही, पण काच काय सुंदर घासतात." आरसा तयार झाला, तो शेताच्या पाण्याच्या जाडजूड पाइपात बसवला गेला, आणि ती तोफेसारखी दिसणारी वस्तू मंडळाची शान झाली.

अडचण एकच होती. मंडळात आणखी एक दुर्बीण होती. ती भाईंची.

भाई सरांचेच विद्यार्थी. दहावीला विज्ञानात दोनदा आपटले, मग मस्कतला गेले, तिकडे बरीच वर्षं ट्रक चालवले आणि परत येऊन महाडात स्वतःचे टेम्पो घेतले. येताना घरच्यांसाठी मिक्सर, अत्तरं, ब्लँकेटं आणली आणि स्वतःसाठी एक दुर्बीण. पांढरी, बारीक, तीन पायांची, खोक्यासकट. वाळवंटात रात्रीची गाडी चालवताना आकाशाची सवय लागली, असं ते म्हणायचे. कानावरचे केस पिकले होते, पण सर समोर असले की खुर्चीत बसत नसत. सर त्यांच्या दुर्बिणीला 'खेळणं' म्हणायचे. भाई म्हणायचे, "हो सर."

मग एका वर्षी जूनमध्ये शुक्र सूर्यासमोरून जायचा योग आला. भर दिवसा, सूर्याच्या तबकडीवरून शुक्राचा काळा ठिपका सरकत जाणार. जिवंत असलेल्या कोणत्याही माणसाने ते आधी पाहिलेलं नव्हतं. सरांनी जाहीर केलं की हा कार्यक्रम गावकऱ्यांसाठी करायचा, आणि महाडात ढग अडतात म्हणून पोलादपूरकडे, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावर एका वाडीत करायचा. ढग टाळायला डोंगरावर का जायचं, हे मला आजही कळलेलं नाही. पण सरांना कोणी विचारलं नाही.

भाईंच्या टेम्पोतून निघालो. सरांची दुर्बीण गादीत गुंडाळून मागे ठेवली होती आणि सर तिला मिठी मारून मागेच बसले. भाईंची दुर्बीण पुढे माझ्या मांडीवर. वरचा रस्ता म्हणजे निव्वळ दगड. प्रत्येक खड्ड्याला मागून सरांचा आवाज येई, "हळू रे." भाई म्हणत, "हो सर," आणि पुढचा खड्डा येई.

वाडीत पावसाळ्याची तयारी चालली होती. कोणी गोठा शाकारत होतं, कोणी लाकडं आत रचत होतं. आम्ही उतरलो तशी माणसं जमली. एक म्हातारी, सगळी वाडी तिला आजी म्हणत होती, पाइपाकडे बघत मला म्हणाली, "बाय, तुम्ही पावसाचं बघनारे ना? मग कधी येतोय?"

मी म्हटलं, "आजी, आम्ही पावसाचे नाही. आम्हाला आज ऊन हवंय."

"ऊन?" आजी हसायला लागली. "गो, आमी इथं पावसाची वाट बघतोय नि तुम्ही टेम्पो करून ऊन मागायला आलाव?"

ऊन काही मिळेना. पश्चिमेकडून एकामागून एक ढग डोंगरावर चढत होते. सरांनी गादी सोडली आणि पाइपात डोळा घातला. रस्त्याच्या धक्क्यांनी आरसा हलला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सगळ्यांकडे पाठ करून कामाला लागले. मी मदत करू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, ह्याला हात लावायचा नाही." भाकरीची वेळ झाली. वाडीने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. सरांनी एका हाताने खाल्लं.

दुपार कलली आणि ढग एकाएकी फाटले. भाईंनी आपली दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि खाली पाटावर जुन्या कॅलेंडरचा मागचा कोरा कागद धरला. दुर्बिणीतून कोणी बघायचं नाही, डोळा जाईल, कागदावर बघा, असं ते सगळ्यांना बजावत होते. कागदावर बशीएवढा उजेडाचा गोल पडला आणि त्यात, कडेच्या जरा आत, उडदाच्या दाण्यासारखा काळा ठिपका. माणसं वाकली. भाई हलक्या आवाजात समजावत होते, "हा सूर्य. हा काळा दिसतो तो शुक्र. तो मधे आलाय."

मी सरांकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू येत होतं. स्क्रू ड्रायव्हर जागच्या जागी फिरत होता आणि पाठ आमच्याकडेच होती. भाईंनीही ते पाहिलं असावं. कारण एवढं नीट समजावून सांगणारा माणूस अचानक गोंधळल्यासारखा मोठ्याने म्हणाला, "सर, जरा येता का? मला कळत नाहीये, हा शुक्र आहे की भिंगावरची धूळ."

सर थांबले. "एवढंही कळत नाही?"

"नाही सर."

"म्हणूनच दोनदा बसलास." सर गुडघ्यावर हात देत उठले आणि आले. भिंग हळूहळू फिरवलं. "धूळ असती तर भिंगाबरोबर ठिपका फिरला असता. फिरतोय का?"

"नाही सर."

"मग काय आहे तो?"

"शुक्र, सर."

सर पाटापाशी मांडी घालून बसले आणि कागदाकडे बघत राहिले. गावकऱ्यांसाठी लिहून आणलेलं त्यांचं भाषण खिशातच राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट ठिपक्याजवळ नेलं, कागदाला न टेकवता, आणि म्हणाले, "हा जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा आहे बरं का."

आजीने विचारलं, "त्येच्यावर मानसं हायत?"

"नाही. फार ताप आहे तिथे."

"पाऊस?"

"ढग आहेत. पण पाण्याचे नाहीत. तेजाबाचे."

आजीने जरा विचार केला. "मंग नको. आमचाच येऊ दे."

तेवढ्यात पुढचा ढग आला आणि कागद पुन्हा नुसता कागद झाला. आजी समाधानाने लाकडं रचायला गेली. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो, पण सूर्य काही परत दिसला नाही. सरांचा आरसाही त्या दिवशी जुळला नाही. परतताना सर पुढे बसले. मी मागे, गादीवर, पाइपाला धरून. वाटभर केबिनमधून सरांचा आवाज येत होता. भिंग आणि आरसा यांतला फरक भाईंना ते पहिल्यापासून शिकवत होते.

महाडला उतरताना सर भाईंना म्हणाले, "तुझ्या खेळण्याचं भिंग जरा सैल वाटतंय. माझ्याकडे ठेवून जा, बघतो."

भिंगाला काहीही झालेलं नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. सरांच्या पडवीत ती पांढरी दुर्बीण रोज पुसलेली, चकचकीत उभी असे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सर तिच्यातून चंद्र दाखवत. मी एकदा भाईंना विचारलं, "दुर्बीण परत नाही का मागायची?"

भाई टेम्पोची काच पुसत होते. म्हणाले, "मागेन की. पण सरांची दुरुस्ती व्हायची आहे ना अजून."