कान्हेरीच्या चढावरचा हुकूम

वाशीच्या खाडीवरून बस जाऊ लागली तशी मी खिडकीची काच सरकवली. खारट, चिखलाचा वास आत शिरला. खाली भरतीचं राखाडी पाणी होतं आणि पलीकडच्या काठावर इमारतींची रांग नुकती उजळत होती. शेजारचे काका जागे होऊन म्हणाले, "ताई, काच लावा. मुंबई आली म्हणून सगळी आत घ्यायची का?"

मी मानखुर्दला उतरले. क्लीनरने डिकीतून माझी सायकल काढून दिली. चाकं वेगळी केलेली, सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळलेला.

"एवढ्या लांबनं सायकल? हितं मिळत न्हाईत व्हय?"

"मिळतात की. पण शर्यत हिच्यावरच करायची आहे."

तासगावजवळच्या एका मुलींच्या शाळेत मी खेळ शिकवते आणि स्वतः शाळकरी असल्यापासून सायकलच्या शर्यती करते. आमच्या सांगलीकडे शर्यतीची सायकल घरोघरी कौतुकाची, त्यामुळे चाळिशीला टेकलेली बाई पहाटे सायकल मारताना दिसली तरी कुणी वळून बघत नाही. मुंबईतला एक क्लब यंदा प्रथमच बायकांचा संघ उतरवणार होता. मुंबईहून निघायचं, घाट चढायचा आणि पुण्यात संपवायचं, अशी ती मोठी शर्यत. संघात जागा पाच, बोलावल्या होत्या सहाजणी. क्लबचे मॅनेजर शिरीष सर फोनवर म्हणाले होते, "शैलजाताई, तुमची निवड नाही करायची. तुम्ही लीडर. बाकीच्यांची करायची आहे."

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलच्या संघात जिंकण्यासाठी एकीलाच पुढे काढतात. ती लीडर. बाकीच्या तिच्यापुढे राहून वारा अडवतात, म्हणजे तिची ताकद घाटासाठी शिल्लक राहते. लीडर कोण, हे एकदा ठरलं की इतरांनी स्वतःसाठी जिंकायचं नसतं.

मानखुर्दच्या पुलाखाली तन्वी सावंत माझी वाट बघत उभी होती. घाटकोपरच्या एका चष्म्याच्या दुकानात काम करणारी, पंचविशीची, बारीक आणि काटक. माझा मुक्काम तिच्याच घरी होता. मी चाकं बसवेपर्यंत तिने दोन चहा आणले.

"ताई, हायवे माहितीय ना तुला? नाही? मग माझ्या मागे राहा. आणि ट्रकवाल्याकडे बघायचं नाही. बघितलं की तो समजतो, आपण घाबरलो."

लिंक रोडवर उड्डाणपुलाच्या सावलीत आम्ही ट्रकांच्या बाजूने निघालो. देवनारच्या कचऱ्याचा वास, भंगाराच्या गाड्या, शाळेच्या गणवेशातल्या मुलींचे घोळके. घाटकोपरला मेट्रोच्या पुलाखालून पश्चिमेला वळलो आणि रस्ता संपून पायऱ्याच सुरू झाल्या. तन्वीचं घर डोंगरावर. तिने सायकल खांद्यावर टाकली आणि बोलत बोलत चढू लागली. मी दोनदा थांबले. एका दारातल्या आजोबांनी विचारलं, "पाहुण्या काय?" मी मान हलवली. बोलायला दम नव्हता.

तन्वीची आई दारातच होती. देवगडची. मालवणी तिने मुंबईतही सोडलेली नाही. "ये गो, ये. प्रवास बरो झालो?" म्हणत तिने समोर घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्यांची उसळ मांडली. मी पुरे म्हणाले, तर म्हणाली, "खा गो. सायकल काय वाऱ्यार चलता?"

दुपारी मुलुंडला क्लबच्या खोलीत सगळ्या जमलो. खाली व्यायामशाळा, वर ही खोली, भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर. पोस्टरवर मी होते. राज्य स्पर्धेतला जुना फोटो, खाली पैसे देणाऱ्या कंपनीचं नाव. स्वतःचा चेहरा एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला छान वाटलं.

शिरीष सर मुद्देसूद माणूस. एके काळी स्वतः शर्यती केलेले. "लीडर ठरलेली आहे," ते म्हणाले. "शेवटची निवड परवा, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, कान्हेरीच्या चढावर. तन्वी, तू ताईंसाठी वारा अडवायचा. शेवटच्या वळणाला बाजूला व्हायचं. तेवढं जमलं तर तुझी जागा पक्की."

"आणि माझ्यात ताकद उरली असेल तर?" तन्वीने विचारलं.

"तर ती ताईंसाठी वापरायची."

फ्लोरीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. ही गोराईची, खाडीपलीकडून फेरीबोटीने येणारी. घरी भाताची शेती, बोलणं सडेतोड.

दुसऱ्या दिवशी सराव होता. मुलुंडहून भांडुप, कांजूर करत पवईच्या तलावाकाठाने आम्ही आरेत शिरलो. मुंबईत एवढी झाडं असतील असं मला वाटलं नव्हतं. गारवा इतका की हात आखडले. सरावात वारा अडवायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे वेग ठरवायला लीडर म्हणून मीच पुढे होते. पण रस्ता माझ्या ओळखीचा नव्हता. एका उतारावर रस्ता खणलेला निघाला आणि मी ब्रेक दाबला. मागच्या सगळ्या एकमेकींवर आदळता आदळता वाचल्या.

"ब्रेक नको!" मागून तन्वी ओरडली. "उजवीकडून घ्या, उजवीकडून! फ्लोरी, आतल्या बाजूने ये!"

सगळ्याजणी तिच्या आवाजाबरोबर वळल्या. मीसुद्धा. पुढचा सगळा रस्ता मी तिलाच पुढे राहायला सांगितलं आणि मग आमचा घोळका असा काही चालला की मला माझ्या तरुणपणच्या शर्यती आठवल्या. ती मागे न बघता ओळखायची, कोण दमलंय. मग वेग जरासा कमी व्हायचा आणि दमलेलीला कळायचंही नाही. हे मला कधी जमलं नाही. मी नेहमी स्वतःचे पाय तेवढे ऐकत आले.

गोरेगावच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला पाड्यावरची एक बाई पपया विकत होती. तिच्या शेजारीच बसून मी ट्यूब बदलायला घेतली.

"शर्यत हाय का?" तिने विचारलं.

"नाही, सराव आहे."

"मग येवडी घाई कशाला? पपई खा."

आम्ही सहाजणींनी एक पपई संपवली. फ्लोरी बोटं चाटत म्हणाली, "शैलजाताई, एक बोलू? राग मानू नको. तन्वी पुढे राहिली ना, की मला डोकं चालवावं लागत नाही. नुसते पाय चालवायचे."

राग आला नाही. पण त्या संध्याकाळी बांगड्याच्या तिखल्याची (घट्ट, तिखट कालवणाची) चव मला नीट कळली नाही. एका बाजूला भिंतीएवढं माझं पोस्टर होतं, दुसऱ्या बाजूला मला दिसलेली गोष्ट.

तिसऱ्या दिवशी सकाळी पार्काचं फाटक उघडताच आम्ही आत शिरलो. बोरिवलीचा रस्ता, बसचे हॉर्न, भाजीवाले सगळे फाटकाबाहेर राहिले आणि बांबूची बेटं सुरू झाली. पुलाच्या कठड्यावर माकडं ओळीने बसली होती. शिरीष सर गाडीने पुढे जाऊन वर, लेण्यांच्या पायऱ्यांपाशी थांबणार होते.

चढ सुरू झाला. बाकीच्या एकेक करून मागे पडल्या. उरलो मी आणि तन्वी. ती पुढे, मी तिच्या चाकाला चिकटलेली. वळणामागून वळण येत होतं आणि माझ्या छातीत आग पडली होती. आमच्या दोघींमध्ये हातभर अंतर पडलं, मग दोन हात. तन्वीने मान वळवून पाहिलं आणि पाय सैल सोडले. ती माझी वाट बघत होती. तिच्या कपाळावर घामसुद्धा नव्हता.

तो क्षण मला फार लागला. दम लागल्याचं दुःख नव्हतं, ते रोजचंच. ही एवढी ताकद मुठीत धरून माझ्यासाठी रांगत होती, हे लागलं.

"तन्वी, जा!"

"ताई, सरांनी सांगितलंय..."

"लीडर मी आहे ना? मी सांगतेय. जा! थांबलीस तर बघ!"

ती क्षणभर घुटमळली. मग सीटवरून उठली आणि गेली. तसा चढ चढताना मी पूर्वी पुरुषांनाही फारसं पाहिलेलं नाही. पुढच्या वळणावर तिची पाठ दिसली, त्यापुढच्या वळणावर तीही नाही.

मी वर पोचले तेव्हा शिरीष सर तिच्यावर ओरडत होते. लेणी बघायला आलेलं एक कुटुंब थबकून ऐकत होतं.

"एकच काम सांगितलं होतं! जी मुलगी सरावात ऐकत नाही, ती शर्यतीत काय ऐकणार? तू संघात नाहीस."

तन्वीने माझं नाव घेतलं नाही. मान ताठ ठेवून उभी राहिली. मी सायकल टेकवली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"सर, तिने ऐकलंय. जा म्हणून मी सांगितलं."

"तुम्ही का सांगितलंत?"

"कारण घाटात मी हिच्या मागे राहू शकत नाही. ते तुम्हीही आत्ता बघितलंत. तुम्ही मला लीडर केलंत. मग लीडर म्हणून माझा हा पहिला निर्णय. लीडर तन्वी. वारा मी अडवीन."

"पोस्टर छापून झालंय, ताई. कंपनीने तुमचं नाव बघून हो म्हटलंय. त्यांना मी काय सांगू?"

"सांगा की हिचा फोटो लावा. चढाची शर्यत आहे, फोटोची नाही."

एव्हाना बाकीच्याही वर पोचल्या होत्या. फ्लोरी हेल्मेट काढत म्हणाली, "सर, माझंपण तेच. तन्वी असेल तर मी आहे. नाहीतर मी चालले गोराईला." इतर दोघींनी माना हलवल्या. तिसरी जमिनीकडे बघत राहिली, मग तीही तन्वीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

सर दरीच्या कडेपर्यंत चालत गेले. वळले तेव्हा आवाज खाली आला होता. "ठीक आहे. तन्वी लीडर. ती चढते, हे मला मान्य आहे. पण शैलजाताई, माझ्या संघात माझा निर्णय सगळ्यांदेखत फिरवणारी बाई मला नको. उद्या रस्त्यावर पुन्हा असं झालं तर? तुमचा हा पहिला निर्णय होता, तसा शेवटचाही. पाच जागा आहेत आणि या पाचजणी आहेत."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं आजही मला वाटत नाही. संघ चालवणं म्हणजे काय, ते मी शाळेत रोज बघते. पण माझंही चूक नव्हतं. मी म्हणाले, "चालेल सर," आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला. मग उतारावर मी एकटीच पुढे निघाले आणि पहिल्या वळणानंतर डोळे भरून आले. वाऱ्याने आले असं कुणाला सांगता आलं असतं, पण विचारायला कुणी नव्हतं.

घाटकोपरला पोचेपर्यंत तन्वीचं ठरलं होतं. "मी पण नाही जात. तुला काढून मला लीडर? वाट लागली त्या शर्यतीची!" तिने हेल्मेट कोपऱ्यात भिरकावलं.

तिची आई कोलंबी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिना आपली जागा सोडल्यान, आणि तू घरात बसतलंस? शोभता तुका?"

"आई, तुला कळत नाही..."

"माका सायकल कळणा नाय. माणूस कळता."

मी तन्वीला समोर बसवलं. "तू गेली नाहीस, तर मी चढावर ओरडले ते फुकट. आणि तुला कुणी सांगितलं मी शर्यत सोडली म्हणून?"

तिने वर पाहिलं.

"संघाने काढलं. शर्यतीने नाही. एकटीने उतरता येतं. मी उतरणार."

"एकटी? पण तुझा वारा कोण अडवणार?"

"मीच. इतकी वर्षं कोण अडवत होतं?"

तन्वी आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. "घाटात भेटलीस तर मी थांबणार नाही हां, ताई."

"थांबून तर बघ."

परत निघाले त्या सकाळी बसने जायला मन घेईना. तन्वी आणि फ्लोरी मला खाडीच्या पुलापर्यंत सोडायला आल्या. फ्लोरीने घरची सुकट (वाळवलेली मासळी) बांधून दिली होती आणि ती पाठीवरच्या पिशवीत वासासकट माझ्याबरोबर होती. पनवेल मागे पडलं, खोपोलीला मी चहा प्यायले आणि घाटाला लागले. संघ नव्हता, पुढे कुणाचं चाक नव्हतं. वारा सरळ तोंडावर येत होता. एका वळणावर भेळवाल्याने ओरडून विचारलं, "मॅडम, ग्रुप मागे राहिला काय?"

"पुढे गेलाय!" मी ओरडले. "गाठायचाय!"

लोणावळ्याला पाय थरथरत होते. तिथून बस धरली आणि डोकं टेकवून बसले. मुंबई बघायला गेले असते तर समुद्र बघून आले असते. समुद्र मी पाहिलाच नाही. मी पाहिले ते चढ. घाटकोपरच्या पायऱ्या रोज खांद्यावर सायकल घेऊन चढणारी मुलगी पाहिली, खाडी ओलांडून सरावाला येणारी फ्लोरी पाहिली. त्या उपनगरांत कुणी कुणाला जागा करून देत नाही. जो तो आपली करून घेतो, आणि झाली की दुसऱ्याला हात देतो. एवढी वर्षं मी बक्षिसं मिळवली, पण कुणाला "जा" म्हणण्यात एवढी ताकद लागते, हे मला ठाऊक नव्हतं. ती ताकद संपली नाही, उलट अंगात राहिली. वय वाढलं की बाईने बाजूला व्हावं असं लोकांना वाटतं. मी तन्वीच्या वाटेतून बाजूला झाले. रस्त्यावरून नाही.

सांगलीच्या स्टँडवर नवरा उभा होता. त्याने डिकीतून सायकल उतरवून घेतली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय झालं? घेतलं नाही का त्यांनी?"

"नाही घेतलं," मी म्हणाले. "मी जाणार आहे."