खुर्चीसमोर बसलेली सून

माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही अर्धवट. तरी आमच्या वस्तीतल्या कितीतरी पोरापोरींची इंग्रजीतून मुलाखत मी घेतलेली आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

कारखान्यात मी लेथवर उभा असायचो. पुढे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि साहेबाने स्वेच्छानिवृत्तीचा कागद माझ्यापुढे सरकवला. सही करून झाल्यावर मी साहेबाच्या डोळ्यांत बघत राहिलो. शेवटी मान खाली घातली ती साहेबाने. नोकरी गेली, पण तेवढं मी जिंकून आलो.

येरवड्याला आमच्या विहारामागे एक खोली आहे. तिथे आम्ही अभ्यासिका काढली. ज्याला नोकरी लागेल त्याने रविवारी येऊन मागच्यांना शिकवायचं, अशी रीत. वस्तीतला पहिला इंजिनीयर खराडीच्या कंपनीत लागला, तोही यायचा. एकदा म्हणाला, "पोरांना येतं सगळं, पण साहेबापुढे जीभ टाळ्याला चिकटते. सरावाला समोर कुणीतरी खडूस माणूस बसवायला पाहिजे."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. अपमान वाटून घ्यावा की मान, ते मला आजवर कळलेलं नाही.

मला खुर्ची दिली आणि तीन वाक्यं पाठ करून घेतली. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ', 'व्हाय' आणि 'नेक्स्ट'. नियम मात्र माझा. दहा मिनिटं समोर बघून बोलायचं. ज्याची नजर आधी खाली जाईल तो नापास, त्याने पुढच्या रविवारी परत यायचं. रडलेली पोरं मी पाहिली आहेत. नियम सोडला नाही. तीच पोरं पुढे पेढे घेऊन आली.

त्या रविवारी दुपारी मी 'नेक्स्ट' म्हणालो आणि दारातून माझी सून आत आली.

मला वाटलं, घरी काही झालं. बायको पडली की काय! मी उठायलाच लागलो होतो, तर ती समोरची खुर्ची ओढून बसली. डोक्यावर पदर नव्हता. केस मागे घट्ट बांधलेले, हातात कागदांची फाईल.

लग्नानंतर वर्षभराने तिने नोकरीचं एकदा विचारलं होतं. बारावी पास होती. मी सरळ नाही म्हणालो होतो. माझ्या आईने लोकांची भांडी घासली, बायकोनेही घासली. घरातली बाई पुन्हा कुणाच्या दारात कामाला जाणार नाही, अशी मी शपथच घेतली होती. ती परत कधी बोलली नाही. मी समजलो, पटलं तिला.

"मामा, सुरू करा," ती म्हणाली.

खिडकीशी नात मांडीवर घेऊन माझी बायको बसली होती. मी तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय? समोर बघा, नियम तुमचाच आहे ना!"

म्हणजे हिला ठाऊक होतं. मी इंजिनीयरकडे वळलो.

"बाबा, दर बुधवारी येतात त्या. सहा महिने झाले."

"बुधवारी? बुधवारी तर ती विहारात वंदनेला येते."

"वंदना झाल्यावर," तो म्हणाला. दारातल्या पोरी तोंड दाबून हसल्या. त्यांच्यातलीच एक दर बुधवारी नातीला सांभाळायची. शेजारीण कुकर लावून द्यायची. माझा मुलगा कंपनीची गाडी चालवतो, तो खराडीतल्या जागांची बातमी आणायचा. वस्तीत कुत्रं व्यालं तरी मला आधी कळतं, असा माझा तोरा. आणि हे माझ्याच चुलीपाशी शिजत होतं!

वाटलं, उठून जावं. पण दहा मिनिटांच्या आत मी त्या खुर्चीवरून कधी उठलेलो नाही.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ," मी म्हणालो. आवाज चिरकला.

ती बोलायला लागली. मला त्यातलं काही समजत नव्हतं, ते एरवीही समजत नाही. मी फक्त डोळे बघतो. सात वर्षं ही बाई मला ताट वाढत होती, पण तिचे डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. घरी माझ्यापुढे तिची मान सदा खाली. मला ते संस्कार वाटायचे. इथे मात्र तिची पापणी हलत नव्हती.

"व्हाय?" मी मध्येच ओरडलो. त्या ओरडण्याला भलेभले गळपटायचे.

ती थांबली, श्वास घेतला आणि बोलत राहिली. एकदा अडखळली, पण नजर तिथेच.

आणि माझी खाली गेली. माझ्याच चपलांवर. किती वेळ ते ठाऊक नाही. वर बघितलं तेव्हा ती अजून माझ्याकडेच बघत होती.

"परत ये," मी म्हणालो. जित्याची खोड.

"यायला वेळ नाही, मामा. मुलाखत उद्या सकाळी आहे."

"अहो," बायको म्हणाली, "लोकांच्या पोरांना साहेब केलंत. आता नियमाने सांगा, नापास कोण झालं?"

मी काठी उचलली आणि घरी आलो. आपली शपथ आपण कुणाला विचारून घेतली होती, एवढंच संध्याकाळभर डोक्यात फिरत होतं.

सकाळी ती फाईल घेऊन दाराशी आली. माझ्यापुढे आली तशी मान आपोआप खाली गेली तिची.

"वर बघ," मी म्हणालो. "अडखळलीस तरी चालेल. खाली बघायचं नाही. साहेबापुढे नाही आणि घरातही नाही."

ती गेली. ती नोकरी तिला लागली नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे लागली आणि रीतीप्रमाणे तिचे रविवार वस्तीचे झाले.

मुलाखतीच्या त्या सकाळी भाकऱ्या बायकोने केल्या. शेजारणीशी गप्पांच्या नादात करपल्या होत्या. मी मुकाट्याने खाल्ल्या.