ठणठणीत जीप

रॉकेलात बुडवून ठेवलेल्या लोखंडाला एक थंड, उग्र वास असतो. महाडच्या बाजाराबाहेर, गणू मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलं की तो वास आधी नाकात आणि मग मनात उतरायचा. सावित्री नदीवरून येणारा ओलसर वाराही त्याला पुसू शकत नसे. कुणाला हसू येईल, पण त्या दिवसांत जिथे पाय आपोआप वळावेत असं मला दुसरं ठिकाणच नव्हतं.

पत्रकं वाचत वाढलेला आणि पत्रकं लिहीत जगणारा तरुण होतो मी. पक्षाने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप माझ्या हवाली केली होती. तिच्यात गठ्ठे घालून मी नाते गावापासून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत हिंडे. बरोबरचे मित्र एकेक करून मुंबईला नोकरीला लागले आणि उरलो आम्ही दोघं, मी आणि ती जीप. एकटा माणूस कशाकशाशी बोलतो! चढावर मी तिला चुचकारत असे, उतारावर दटावत असे.

अमावास्येला घाटात गाडी घालायची नाही, म्हणून ट्रकवाले त्या दिवशी आपापल्या गाड्या मिस्त्रीकडे तेलपाण्याला सोडत. या अंधश्रद्धेचा निषेध म्हणून मी मुद्दाम अमावास्येलाच घाट उतरून येई. आणि येऊन त्यांच्याच रांगेत उभा राही! मिस्त्री मुंबईत गॅरेजात काम करून परतलेला, जिभेचा तिखट. "या लेखकराव," तो म्हणायचा, "क्रांती झाली का? नाय? मग तोवर ग्रीस मारून घेऊ."

इंजिनातलं काळं तेल तो बदली, प्लग पुसे, चाकांना कान लावून ऐके. मी स्टुलावर बसून बघत राही. देखभाल म्हणजे तरी काय? बिघाडाची वाट न पाहता केलेली विचारपूस. यंत्राला ती अमावास्येच्या अमावास्येला मिळते. माणसाला कोण विचारतं, बाबा रे, आतून कुठे घासतंय का?

मग एकदा पक्षाचा निरोप आला: निवडणूक तोंडावर आहे, जीप नीट करून मुंबईला पाठवा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खेड्यांची दुःखं छापायला शहरात शाई मिळते, आणि त्या खेड्यांत जाणारी एकुलती एक गाडी मात्र शहरालाच हवी! तरी मी जीप शेडमध्ये नेली. आयुष्यात पहिल्यांदाच मनात इच्छा होती, हिच्यात काहीतरी मोठं बिघडलेलं निघो.

मिस्त्रीने सगळं उघडून पाहिलं. "गाडी ठणठणीत हाय. पन तुमचं तोंड का असं पडलंय?"

मी सांगितलं. तो चिंधीला हात पुसत राहिला. "मग इंजिन बसलं म्हनून कळवा की. मी पन तेच सांगतो. मुंबयचा मानूस बॉनेट उघडून काय बघनार? धूर?"

मी हसलो. एवढं एकच वाक्य! ते उच्चारलं की जीप माझी, घाट माझा, अमावास्येचं ते स्टूल माझं. पण खोट्यावर अडवून ठेवलेल्या गाडीतून खऱ्याची पत्रकं कशी वाटायची? गठ्ठ्यातला प्रत्येक कागद माझ्याकडे बघून हसला असता.

"नको," मी म्हणालो. "सगळं नीट करून द्या. ब्रेकसुद्धा."

"कुठनं घेऊन आलाव हे असलं डोकं!" मिस्त्री कडाडला. पण शिव्या देत देत त्याने सगळं केलं; शेवटी दिव्यांच्या काचाही पुसल्या. दुसऱ्या दिवशी पक्षाचा ड्रायव्हर आला आणि जीप घेऊन गेला. वळणापलीकडे आवाज विरेपर्यंत आम्ही दोघंही शेडच्या दारात उभे होतो.

पुढच्याच आठवड्यात गठ्ठा खांद्यावर मारून मी पोलादपूरहून डोंगर चढलो. पूर्वी चढावर घुरघुरणाऱ्या जीपचा आवाज माझ्याआधी वाडीत पोचायचा. मी पोचेपर्यंत पाराभोवती माणसं जमलेली असत. माझ्या शब्दांसाठी जमतात, असं मला वाटे. त्या दिवशी पारावर चिटपाखरू नव्हतं. चुलींचा धूर कौलांतून वर येत होता, दारं लोटलेली होती, आणि मी आलो आहे हे साऱ्या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या दारापाशी जाऊन मी हाक दिली.

"कोन हाय?" आतून बाईचा आवाज आला.

वाडीत मला सगळे 'जीपवाले' म्हणत. तेच ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि माझं नाव सांगितलं.

"कोन गो?" आत कुणीतरी म्हातारं विचारत होतं.

"काय ठाव नाय."

मी नाव पुन्हा सांगितलं, या वेळी गावासकट, आणि खांद्यावरचं ओझं खाली न ठेवता तिथेच उभा राहिलो.